‘प्रयोजन’ नावाचा रकाना

‘आंतरग्रंथालयीन देवघेव’ हा शब्द मराठीत बरीच वर्षं आहे. भारदस्त आहे, परीक्षेत टीप लिहायला येईल असा आहे. पण अशी देवघेव प्रत्यक्ष झालेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. ती पाहिली २०१६ साली आणि तीही अमेरिकेत, ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स गावात. धाकटी लेक तिथे ब्राउन विद्यापीठात पोस्टडॉक करत होती आणि मी चार महिने तिच्याकडे राहिले होते.

आधी पुस्तकाबद्दल सांगते. एका शिक्षकाच्या आठवणी, १९६४ साली पुण्यात छापलेल्या. पुस्तकाचं नाव देत नाही, कारण पुढे त्यातली एक चूक सांगणार आहे आणि लेखकाची नातवंडं आहेत. आमच्या घरी या पुस्तकाला फार मान होता. त्यात आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, एकशिक्षकी शाळेवर ‘अख्खं पान’ आहे असं आई सांगायची. घरची प्रत कुणीतरी वाचायला नेली ती नेलीच. (नेणारे नातेवाईक हे वाचत असतील तर काळजी करू नका, नाव मलाही माहीत नाही!) दुसरी आवृत्ती निघाली नाही. लेखक १९८१ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, तेव्हा २०४१ साल संपेपर्यंत कुणी ते स्कॅन करून महाजालावर टाकील ही आशाही नाही.

निवृत्तीनंतर मी शोध घेतला. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक प्रत असल्याचं कळलं. कुठलं विद्यापीठ ते जाऊ द्या. गेले. तिथे अर्ज होता आणि अर्जात ‘प्रयोजन’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘वाचन’. खिडकीतले गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, “बाई, असं चालत नाही. संशोधन, प्रकल्प, काहीतरी लिहा. आणि संस्थाप्रमुखांचं पत्र आणा.” निवृत्त माणसाला कुठला संस्थाप्रमुख? तरी जुन्या शाळेतून पत्र मिळवलं. दुसऱ्या खेपेला पुस्तक बांधणीला गेलेलं होतं. तिसरी खेप मी घातली नाही.

आता प्रॉव्हिडन्स. जेवताना विषय निघाला, तर लेकीने ताटाशेजारी लॅपटॉप ओढला आणि पुस्तकाचं नाव रोमन लिपीत टाकलं. ब्राउनमध्ये ते नव्हतं, पण त्याच पडद्यावर इतर विद्यापीठांची यादी आली, प्रत जागेवर आहे की कुणी नेली आहे हेही दिसलं. तिने मागणीचं बटण दाबलं, कुठल्या ग्रंथालयातून घेणार ते निवडलं, झालं. मी विचारलं, “कारण लिहिलंस?” तिला प्रश्नच कळला नाही.

चौथ्या कामाच्या दिवशी ईमेल आली. रॉकफेलर लायब्ररीत (तिथली मुलं तिला नुसतं ‘रॉक’ म्हणतात) काउंटरवरून पुस्तक हातात आलं. फिलाडेल्फियाहून, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आलेलं. आपल्या त्या काळच्या कागदी बांधणीला तिकडे जाड कापडी पुठ्ठा चढवलेला. मागे तारखांची चिठ्ठी, तिच्यावर दोनच शिक्के. दुसरा १९७९ चा.

पुण्यात छापलेलं पुस्तक फिलाडेल्फियात कसं? याला कारण गहू. अमेरिकेने पीएल ४८० या कायद्याखाली आपल्याला धान्य दिलं, त्याचे पैसे रुपयांत फेडायचे होते. त्या इथेच साठलेल्या रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतल्या कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मिलोच्या लाल गव्हाच्या आठवणी आमच्या पिढीला आहेत (खरं म्हणजे मिलो ही ज्वारी, पण सगळ्यांची नावं एकच झाली होती). त्या रांगेत आई उभी होती, आणि तिच्या कौतुकाचं पुस्तक बहुधा त्याच हिशेबातून समुद्रापार गेलं.

पण माझं कुतूहल वेगळं होतं. बटण दाबून पुस्तक येतं, तर मधला माणूस कुठे गेला?

पूर्वी अमेरिकेतही मधला माणूस होताच. वाचकाने फॉर्म भरायचा, ग्रंथपालाने तो तपासायचा, पुस्तक कुणाकडे आहे ते शोधून विनंती पाठवायची आणि तिकडच्या ग्रंथपालाने ठरवायचं. १९९८ साली तिथल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने हिशेब मांडला, तेव्हा मागणारा आणि देणारा यांचा मिळून एका पुस्तकामागे सुमारे २८ डॉलर खर्च निघाला. वेळ दोन आठवड्यांहून जास्त. बहुतेक पैसा माणसांच्या वेळेचा.

वाट बदलली ती ओहायो राज्यात. १९८७ साली तिथे प्रश्न होता जागेचा, प्रत्येक विद्यापीठाला ग्रंथालयासाठी नवी इमारत हवी होती. समितीने सुचवलं की सगळ्यांना इमारती बांधण्यापेक्षा एक सामाईक सूची करा आणि कमी लागणारी पुस्तकं स्वस्त कोठारांत ठेवा. त्यातून ओहायोलिंक उभं राहिलं आणि १९९४ पासून वाचक स्वतः मागणी करू लागला. १९९९ मध्ये कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया आणि येल या तिघांनी मिळून बॉरोडायरेक्ट सुरू केलं, त्यात पुढे ब्राउन, कॉर्नेल, प्रिन्स्टन वगैरे आली, नंतर हार्वर्ड आणि शिकागोही.

यातली खरी युक्ती मला समजली ती अशी. सामाईक सूच्या आधीही होत्या, पण पुस्तक कुणाच्या मालकीचं एवढंच त्या सांगत. आज ते फळीवर आहे का, हे सांगत नव्हत्या. ते दिसू लागल्यावर यंत्रच वाचकाचं खातं तपासतं आणि जिथे प्रत मोकळी आहे तिथे चिठ्ठी पाठवतं. तिकडे कुणी विद्यार्थी ती चिठ्ठी घेऊन फळीपाशी जातो. ‘द्यायचं की नाही’ हा प्रश्न त्याच्यापुढे नसतोच. ते ग्रंथालयांनी आपसात एकदाच ठरवलं. दर वाचकाला उभं करून विचारायचं नाही.

हे ‘एकदाच ठरवणं’ किती अवघड असेल, याची मला कल्पना आहे. शाळेत १५ वर्षं ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. पुस्तक हरवलं तर भरपाई किल्लीवाल्याने करायची, मग तो किल्ली कमरेला बांधणार नाही तर काय? खिडकीतल्या त्या गृहस्थांवर म्हणूनच मी रागावले नाही. तिकडेही धास्ती होतीच: आपली पुस्तकं बाहेर गेली तर आपल्या मुलांनी काय वाचायचं? मोठ्या ग्रंथालयांना वाटे, सगळा भार आमच्यावर येणार. मग मागण्या सगळ्यांमध्ये वाटून जातील अशी सोय यंत्रात केली. ओहायोमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ८० टक्के देवघेव फक्त ६ टक्के पुस्तकांची होते. उरलेली ९४ टक्के बहुतेक वेळ फळीवर बसूनच असतात. माझं पुस्तक त्यातलंच, ३७ वर्षं बसलेलं.

रंगनाथन यांनी १९३१ साली मद्रासला ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे. सूत्र आपलं, बटण त्यांचं. आपल्याकडे काही झालंच नाही असं नाही. दिल्लीचं डेलनेट १९८८ पासून ग्रंथालयांना जोडतं आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने विद्यापीठांची सामाईक सूची केली. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं. पण ते संशोधनपत्रिकांसाठी, आणि सरकारी संस्थांतल्या लोकांसाठी. १९६४ च्या मराठी पुस्तकाला कुरिअरच्या पिशवीत बसूनच यावं लागतं, आणि त्याच्यासाठी वाचकाच्या हातात बटण अजून आलेलं नाही. ग्रंथपाल मंडळींपैकी कुणी वाचत असेल तर जरूर लिहा, काय आड येतं ते. पैसा की किल्ली?

असो. पुस्तक त्याच रात्री वाचायला घेतलं. अख्खं पान नव्हतं, पाच ओळी होत्या. पावसात छप्पर गळतं, मास्तर मुलांना देवळात बसवतात, पट २७. आणि आप्पांचं आडनाव चुकीचं छापलेलं. मला जरा खट्टू वाटलं. आई गेलेली, तिला कसं सांगणार?

लेकीने त्या पानाचा फोटो काढून साताऱ्याला दादाला पाठवला. दादा तेव्हा ७९ वर्षांचा, त्या देवळात बसलेल्यांपैकी एक. रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, “नाव चुकलंय गं. पण पट बरोबर आहे. सत्तावीसच होतो आम्ही.” आणि एकेकाचं नाव घेऊन मोजायला लागला.