वरचढ दात

आमचे खालचे दात वरच्या दातांच्या किंचित पुढे येतात. सेमिनरीत सोबती आम्हांस थट्टेने 'सम्राट' म्हणत. कारण हाब्सबर्ग राजघराण्याच्या तसबिरींत अशीच पुढे आलेली हनुवटी दिसते. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालवर, म्हणजे आमच्या बारदेशावरही, त्याच घराण्याचे राज्य होते. म्हापशाचे सेंट जेरोम चर्च १५९४ मध्ये उभे राहिले ते याच राजवटीत. त्या घराण्यातील स्पेनचा अखेरचा राजा दुसरा कार्लोस (१६६१–१७००) यास तर घासही नीट चावता येत नसे.

गतवर्षी एक माउली आपल्या आठ वर्षांच्या मुलीस घेऊन आमच्याकडे आली. मुलीची ठेवण आमच्यासारखीच. "फादर, शाळेत मुले हसतात. डॉक्टरांस दाखवू का?" आम्ही उत्तरलो, "बाय, देवाने दिलेला चेहरा गोड मानावा." ती मुकाट्याने परतली.

यंदा आमच्याच पुढच्या दातांच्या कडा झिजू लागल्या. एका शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीतून वाट काढीत, आम्ही दंतवैद्याकडे गेलो. ते म्हणाले, "फादर, तुमचा दोष सौम्य आहे. तारा बसवून दात सरकवता येतील. जबडा मात्र या वयात शस्त्रक्रियेवाचून हलणार नाही. सात ते दहा वर्षांच्या वयात आला असता, तर गोष्ट निराळी होती." त्या वयात वरचा जबडा वाढत असतो. कपाळ व हनुवटी यांवर टेकणाऱ्या साधनास रबरी पट्ट्या लावून तो हळूहळू पुढे ओढता येतो. सर्वांस सारखा गुण येतोच असे नाही. शिवाय खालचा जबडा पुढेही वाढत राहतो, म्हणून मूल मोठे होईतो लक्ष ठेवावे लागते.

हे ऐकताच त्या मुलीचा चेहरा आमच्यापुढे उभा राहिला. आमच्या उपदेशात श्रद्धा थोडी नि स्वतःचा संकोच फार होता! त्याच सायंकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. "आमचे चुकले. वर्ष फुकट गेले, पण वेळ टळलेली नाही," असे सांगून बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयाची वाट दाखविली.

पालकहो, मूल सात वर्षांचे झाले की त्याचे दात एकदा दाखवून घ्या. देवाने चेहरा दिला, तसे वैद्याचे हातही त्यानेच दिले आहेत.

आम्हीही तारा बसविल्या आहेत. प्रवचनात 'स' अजून अडखळतो, आणि पुढच्या बाकावरची ती मुलगी तोंड भरून हसते.