टीव्ही आम्ही उघडला

रमजानला नऊ दिवस उरले असताना आमच्या नेरूळच्या घरातला टीव्ही काळा पडला. आवाज येत होता, चित्र नव्हतं. एरवी आम्ही महिनाभर तसंच काढलं असतं. पण अम्मींचे गुडघे त्यांना आता जिना उतरू देत नाहीत आणि रात्री उशिरा मक्केहून येणारी तरावीह पाहणं, हाच त्यांचा रमजान.

मेकॅनिक आला. दोन मिनिटं रिमोट दाबून म्हणाला, "पॅनल गेलं, नवाच घ्या." तीनशे रुपये घेऊन तो गेला. आमच्या घरात उर्दू-मराठी शिकवणारी माणसं, त्यामुळे विजेच्या बाबतीत कुणी काही सांगितलं की मान डोलवायची, एवढंच आम्हाला येतं.

दहावीतल्या धाकट्यानं मात्र त्या रात्री खोलीतला दिवा बंद केला, टीव्ही लावला आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी टेकवून तिरका धरला. काळ्या पडद्यावर बातम्या देणारी बाई सावलीसारखी हलत होती! म्हणजे पॅनल जिवंत होतं. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो, तोही खरं तर एलसीडीच असतो. चित्र काचेत तयार होतं, पण काचेला स्वतःचा उजेड नसतो. तो मागच्या बारीक एलईडी दिव्यांचा. हे दिवे लग्नातल्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक गेला की सगळी माळ विझते. टीव्ही लावल्यावर क्षणभर उजळून पुन्हा अंधार होत असेल, तरी दोष बहुधा तिथलाच. पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा असतील, तर मात्र हात लावू नये. ते घरचं काम नव्हे.

उघडायचं ठरलं, पण भीती होतीच. घरातली २३० व्होल्टची वीज टीव्हीत शिरून सरळ झाली की सुमारे ३२५ व्होल्ट होते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढल्यावरही ती काही काळ तिथं असू शकते. आम्ही इशाला प्लग काढला आणि दुसऱ्या दिवशी जोहरनंतर मागचं झाकण काढलं. तरीही मल्टिमीटरनं तपासल्याशिवाय आत बोट घातलं नाही. कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, तेही पाहिलं. सगळी सपाट होती.

पलंगावर धुतलेली चादर पसरून टीव्ही पालथा घातला. कागदावर टीव्हीचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथंच ठेवला, प्रत्येक थराचा फोटो काढला. मग पडदा वर करून फ्रेम उतरवली, दोघांनी चार कोपरे धरून काच उचलली. त्याखाली पातळ कागदासारखे थर, मग जाड पांढरी शीट आणि तळाशी सात-सात दिव्यांच्या दोन पट्ट्या. खालच्या पट्टीतला तिसरा दिवा जळून तपकिरी झाला होता.

पट्ट्या आणायला हार्बरनं कुर्ला, तिथून दादर, मग ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवर जुनी पट्टी सोबत नेली हे बरं झालं. पट्टीवरचा नंबर, लांबी, दिव्यांची संख्या आणि दर दिव्याचे व्होल्ट, ३ की ६, सगळं जुळावं लागतं. दोन पट्ट्यांचे साडेपाचशे रुपये झाले. अल्हम्दुलिल्लाह, पहिल्या चंद्राच्या रात्री अम्मींसमोर पडदा उजळला. आत धुळीचा एक कण राहिला, तो उजव्या कोपऱ्यात अजून नुक्त्यासारखा दिसतो. दुकानातून येताना टीव्हीचा उजेड पूर्ण वाढवलेला असतो. तो कमी ठेवला की दिवे जास्त टिकतात, हेही तेव्हाच कळलं.

इथंच थांबायला हवं होतं. ईदनंतर खालच्या मजल्यावरच्या खाला आल्या. त्यांचाही पडदा काळा, टॉर्चमध्ये चित्र दिसत होतं. त्यांचा ४३ इंची टीव्ही, दम्मामला असलेल्या मुलानं घेऊन दिलेला. आम्ही शेफारलो होतो. "दे इकडे, तासाभराचं काम," असं आमच्याच तोंडून निघालं. पलंग छोटा पडला. काच उचलताना एक कोपरा क्षणभर मोकळा राहिला आणि 'टक्' असा आवाज आला. पापडासारखी काच ती. नवं पॅनल जवळजवळ नव्या टीव्हीच्याच भावात येतं.

खाला म्हणाल्या, "जाऊ दे बेटा, काचच आहे." घरी मात्र आमच्यात दोन मतं पडली. टीव्ही त्यांनी आपखुशीनं दिला, आधीच बिघडलेला होता, आपण पैसेही घेणार नव्हतो. मग नुकसान निम्मं-निम्मं असावं, असं एक मत. हिशेबाला ते चुकीचंही नव्हतं. अम्मी तसबीह बाजूला ठेवून एवढंच म्हणाल्या, "तिनं अमानत दिली होती." आम्ही हप्त्यांवर नवा टीव्ही घेतला. खालांनी तो दोनदा परत पाठवला. शेवटी त्यांच्या मुलाला फोन केला तेव्हा कुठे ठेवून घेतला. दहा हप्त्यांपैकी चार अजून बाकी आहेत.

फुटका टीव्ही आम्ही भंगारवाल्याला दिला नाही, ई-कचऱ्यात दिला. १ एप्रिल २०२३ पासून त्याचे नवे नियम लागू आहेत आणि ट्यूबच्या उजेडावर चालणाऱ्या जुन्या एलसीडींत तर पाराही असतो. त्या आधी धाकट्यानं आतल्या चांगल्या पट्टीतला एक दिवा काढून घेतला. त्यानंतर दोन महिने त्यानं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही. आयटीआयचा फॉर्म आणायचा म्हणत होता, तेही बोलणं बंद झालं. आम्ही शिक्षक, दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना चुकांतून शिका म्हणून सांगतो, पण त्याला काय सांगावं ते सुचेना.

परवा खालांनी त्यांचा मिक्सर वर पाठवला. सोबत निरोप, "धाकट्यालाच द्या." संध्याकाळपर्यंत तो तसाच टेबलावर होता. मगरिबनंतर पाहिलं, तर प्लगची वायर गुंडाळून ठेवलेली आणि शेजारी वहीच्या कागदावर मिक्सरच्या बुडाचं चित्र. चार स्क्रू आपापल्या जागी मांडलेले.