तिरुविडैमरुदूरचा भोसले वाडा

कुंभकोणमच्या ईशान्येला सुमारे नऊ किलोमीटरवर, महालिंगस्वामी मंदिराच्या गावात, तंजावरच्या अमरसिंह भोसल्यांच्या वाड्याचे अवशेष उभे आहेत. १७८७ मध्ये दुसरे तुळजाजी वारल्यावर त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर आले. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना दूर करून तुळजाजींचे दत्तक पुत्र सरफोजी यांना राजा केले. अमरसिंह नेमणूक घेऊन तिरुविडैमरुदूरला राहिले आणि १८०२ मध्ये वारले.

राज्य गेले तरी दरबार टिकला. कर्नाटक संगीताचे गायक घनम कृष्ण अय्यर यांचे गाणे इथे घडले. अमरसिंहांचे पुत्र प्रतापसिंह यांच्या काळात तमिळ पदरचनाकार गोपालकृष्ण भारती यांना रामदास नावाच्या गवयाकडून हिंदुस्थानी संगीताची तालीम मिळाली, तीही याच दरबारात. सरफोजींच्या ग्रंथालयामुळे तंजावर सर्वांना ठाऊक झाले. हा दरबार मात्र मराठी इतिहासलेखनात जवळजवळ हरवला, आणि ती मोठी उणीव आहे. मंदिरात हाती दिवा घेतलेल्या स्त्रीची एक धातुमूर्ती आहे. प्रतापसिंह पती म्हणून लाभावेत यासाठी लक्षदीपांचा नवस बोललेल्या राजघराण्यातील स्त्रीने ती अर्पण केली, असे तिच्यावरील लेख सांगतो.

प्रस्तुत लेखकाने वाडा पाहिला तो ईशान्य मोसमी पाऊस नुकताच ओसरला असताना. गिलावा सुटलेल्या ठिकाणी पातळ भाजक्या विटांचे थर उघडे पडले होते आणि दोन बोटे दाबताच सांध्यांतला चुना भुरभुर गळत होता. भिंतीच्या माथ्यावर पिंपळ रुजला होता. अशा घराच्या नाशाचा क्रम ठरलेला असतो. आधी वाळवी तुळया पोखरते, छत बसते, मग पाणी माथ्यावरून भिंतीच्या पोटात शिरते. वरून सिमेंट थापले तर ओल आत कोंडते आणि वीट अधिक लवकर कुजते. तो उपाय नव्हे, अपाय आहे.

पश्चिम आफ्रिकेत, मालीतील जेने गावी, कच्च्या विटांच्या मोठ्या मशिदीला गावकरी दरवर्षी नव्याने मातीचे लिंपण करतात, म्हणून ती उभी आहे. तिरुविडैमरुदूरच्या भाजक्या विटा त्याहून टणक आहेत. त्यांना छप्पर, चुन्याचा गिलावा आणि दर पावसाळ्याआधी माथ्यावरची झाडे काढणारे हात हवेत. कुंभकोणमच्या मंदिरांसाठी महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी मयिलाडुतुरैच्या गाडीने तिरुविडैमरुदूर स्थानकावर उतरावे आणि हा वाडा उभा आहे तोवर पाहून घ्यावा.