पळसाकडून शिकलेले माप

माझे माहेर धुळ्याचे, सासर जळगावचे. एरंडोल-पारोळ्यामार्गे जाणाऱ्या रस्त्याने गेली ३० वर्षे मी फाल्गुनात फुललेला पळस पाहत आले आहे. घराचे रंगकाम निघाले, तेव्हा दुकानातील रंगांची पुस्तिका बाजूला सारून मी बांधावर गळून पडलेले एक फूल रुमालात बांधून आणले आणि म्हटले, "बैठकीच्या भिंती या रंगाच्या हव्यात."

भिंती रंगल्या. पाहुण्यांनी कौतुक केले. पुढे चैत्र सरला, आखाजी आली, पारा ४५ अंशांकडे चढू लागला. पश्चिमेच्या खिडकीतून कलते ऊन त्या केशरी भिंतींवर पडे आणि सारी खोली, माणसांचे चेहरेसुद्धा, तांबूस दिसू लागत. सासूबाईंचे वाचनाचे आसन वर्षानुवर्षे त्याच खोलीत असे. एके दिवशी ते ओसरीवर दिसले. तेथे वारा लागतो, असे त्या म्हणाल्या. मी ते मानून घेतले. पावसाळा गेला, थंडी पडली, तरी आसन ओसरीवरच. खोदून विचारले तेव्हा म्हणाल्या, "सूनबाई, तू हौसेने केले आहेस. पण त्या खोलीत पोथीची अक्षरे मला लागत नाहीत."

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या त्या डोळ्यांचा मी विचारच केला नव्हता. ज्यांनी हे घर उभे केले, त्यांनाच मी एका रंगापायी बाहेर बसवले होते.

पुढच्या फाल्गुनात धुळ्याला जाताना गाडी थांबवून मी त्याच झाडाखाली उभी राहिले. पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. बहरलेल्या त्या झाडावर तर एकही नव्हते. राखाडी, वेड्यावाकड्या फांद्या, कळीच्या बुडाशी काळपट मखमली आवरण, मागे मातकट रान आणि फिकट आकाश. एवढ्या पसाऱ्यात केशरी रंग थोडाच होता, म्हणून तो शोभत होता. मी रंग तेवढा घरी आणला होता, त्याचे माप रानातच राहिले होते.

मग अजिंठ्याची आठवण झाली. तेथील चित्रांत गेरू, पिवळी माती, चुना आणि काजळी यांचाच विस्तार अधिक. दूर अफगाणिस्तानाकडून आलेल्या मौल्यवान दगडाचा निळा रंग मोजक्या जागी येतो. आपल्या बाजारातही कापूस क्विंटलने मोजतात आणि सोने तोळ्याने. रंगांचेही तसेच आहे.

भिंती पुन्हा रंगवल्या, या वेळी कडुनिंबाच्या मोहराचा मंद पांढरा. सागवानी दारे फांद्यांसारखी गडदच ठेवली. पळसाचा केशरी फक्त तक्क्यांच्या अभ्र्यांवर आला, बहाव्याचा पिवळा पडद्याच्या काठावर. आपल्यापैकी कोणी रंगकाम काढणार असेल, तर आधी भिंतीवर हातभर पट्टा रंगवून तो सकाळी, दुपारच्या उन्हात आणि दिव्याच्या उजेडात पाहावा. आणि त्या खोलीत जे सर्वांत जास्त वेळ बसतात, त्यांना तेथे बसवून विचारावे.

या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी बैठकीत डोकावले. सासूबाईंचे आसन जुन्या जागी होते, पोथी उघडी होती. त्यांनी मान वर केली नाही. वाचनात गढल्या होत्या.