उणिवांचा रकाना

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये दर वर्षी 'ड्राफ्ट' होतो. कॉलेजातल्या आणि परदेशातल्या तरुण खेळाडूंना संघ आळीपाळीनं निवडतात. त्याआधी कित्येक महिने प्रत्येक पोराची मोजदाद चालते. उंची, वजन, हातांची लांबी, उडी. मग जमेच्या बाजू आणि त्याखाली उणिवा. विशी-एकविशीच्या मुलावर लाखो डॉलर लावायचे म्हटल्यावर हे आलंच. मीही सत्राच्या शेवटी मुलांच्या वर्णनात्मक नोंदी लिहिते, म्हणून मला त्या खालच्या रकान्याचं फार कुतूहल वाटतं.

१९९० च्या ड्राफ्टमधला ख्रिस जॅक्सन घ्या. मिसिसिपीतल्या गल्फपोर्टचा, गरीब घरातला, एकट्या आईनं वाढवलेला. लुईझियाना स्टेट विद्यापीठात पहिल्याच वर्षी त्यानं दर सामन्यात सरासरी ३०.२ गुण केले. पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी तो विक्रम होता. तरीही त्याला तोलायला बसलेल्या माणसापुढे अडचणी होत्याच. उंची जेमतेम १.८५ मीटर, म्हणजे नेम मोठ्या गार्डचा आणि शरीर लहान गार्डचं. लहान गार्डनं आधी इतरांना चेंडू द्यायचा असतो, याची ओढ बास्केटकडे. शिवाय त्याला टुरेट सिंड्रोम होता. मान झटकायची, चेहरा आक्रसायचा, तोंडातून आवाज निघायचे. काही क्षण रोखता येतं, पण थांबवता येत नाही, असा हा आजार. निदान झालं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

डेन्व्हर नगेट्सनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पुढं काय झालं ते पाहिलं, की 'उणीव' हा एकच शब्द किती वेगवेगळ्या गोष्टींवर पांघरतो ते कळतं.

पास देण्याची उणीव खरी होती आणि खरीच राहिली. कारकिर्दीत त्याचे सरासरी साडेतीनच असिस्ट आहेत. दुसऱ्या वर्षी त्याची सरासरी दहा गुणांवर घसरली, वजनही वाढलेलं होतं. ही उणीव मेहनतीनं गेली. १९९३ साली तो लीगमधला सर्वाधिक सुधारणा केलेला खेळाडू ठरला. उंची वाढणार नव्हती, पण चेंडू इतक्या झपकन सोडायचा की उंच माणसाचा हात पोचेपर्यंत उशीर व्हायचा.

आणि टुरेट? त्याला प्रत्येक गोष्ट मनासारखी 'बरोबर' वाटेपर्यंत पुन्हा करावी लागे. बुटाची नाडीसुद्धा. जाळीतून चेंडू जाताना हवा तसाच आवाज आला नाही, तर मोजणी पहिल्यापासून सुरू. १९९३-९४ च्या हंगामात त्यानं २२९ पैकी २१९ फ्री थ्रो टाकले. हे वाचून आजाराला देणगी म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. रात्र रात्र जिममधून सुटका नसणं हा जाचच आहे. पण त्या जाचासकट तो काय करू शकतो, हे बघणारं कोणीतरी होतं.

आमच्या शाळेत सहावीला एक मुलगा होता. डोळे मिचकावायचा, खांदा उडवायचा, मध्येच घशातून आवाज काढायचा. स्टाफरूममध्ये निकाल लागलेला होता: नाटकं करतो. त्याची अम्मी मला म्हणाली, "मॅडम, मारा तो और जास्ती करता." एवढ्या एका वाक्यात त्या बाईनं निम्मं निदान सांगितलं होतं. दम देऊन थांबणारी खोडी ही नव्हे. डॉक्टरकडे पाठवल्यावर आजाराला नाव मिळालं. नोंदवहीत मी लिहिलं: 'हालचाली अनैच्छिक आहेत, टोकू नये. तोंडी गणित वर्गात सर्वांत जलद.' पुढच्या वर्गशिक्षकांना त्याचा उपयोग झाला.

संघ उणिवा लिहितो, कारण त्याला 'घ्यायचा की नाही' हे ठरवायचं असतं. शिक्षकाला तो प्रश्नच नाही. पटावर नाव आलं, म्हणजे मूल आपलंच झालं. आपल्या रकान्यानं फक्त एवढं सांगायचं, की या मुलाला काय द्यावं लागेल. 'चंचल', 'दुर्लक्ष करतो', 'हुशार पण आळशी' यातून पुढच्या शिक्षकाच्या हाती काही लागत नाही. कोणती उणीव सरावानं जाईल, कोणत्या उणिवेभोवती वाट काढावी लागेल आणि कोणती आपल्याच नजरेची आहे, एवढं वेगळं लिहिलं तरी पुष्कळ.

एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत मावली नसती. १९९१ मध्ये या खेळाडूनं इस्लाम स्वीकारला आणि पुढं महमूद अब्दुल रऊफ हे नाव घेतलं. १९९६ मध्ये राष्ट्रगीताला उभं राहायला नकार दिल्यानं लीगनं त्याला निलंबित केलं. एका सामन्यानंतर तोडगा निघाला: तो उभा राहील आणि मान खाली घालून दुआ मागेल. त्याच उन्हाळ्यात डेन्व्हरनं त्याला सॅक्रामेंटोला देऊन टाकलं. त्याचं चुकलं की बरोबर होतं, यावर आजही वाद घालता येईल. पण हंगामाला सरासरी १९ गुण करणारा माणूस संघाला नकोसा झाला, तो पास देत नाही म्हणून नव्हे. मापाची पट्टी ज्याच्या हातात असते, तो सोयीनं नवी उणीव लिहू शकतो. मुलांच्या नोंदी लिहिताना पट्टी आपल्या हातात असते.