सुई कधी उचलायची?

माझा रेकॉर्ड प्लेअर हाताने चालवायचा आहे. एक बाजू संपली तरी तबकडी फिरतच राहते आणि सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत खरखरत झिजते. त्यावर एक छोटं यंत्र मिळतं. बाजू संपताना आत आलेला सुईचा दांडा त्याच्या खटक्याला टेकतो आणि अलगद वर उचलला जातो. वीज लागत नाही. फक्त जागा नेमकी हवी. यंत्र जरा बाहेर सरकलं, तर शेवटचं गाणं मधेच तुटतं.

लासलगावात राहून हे बघताना कांदाच आठवणार! भाव चढायला लागला की खटका लगेच पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. गाणं रंगात आलं की दांडा वर! आणि भाव खर्चाच्याही खाली गेला, की सुई रिकाम्या खाचेत झिजत राहते. तेव्हा उचलायला कोणी येत नाही.

मागणी साधी आहे. खटका कुठल्या भावाला पडणार ते लागवडीआधी सांगा, ट्रॅक्टर बाजार समितीत उभा राहिल्यावर नको. आणि भाव पडला तरी तो तितक्याच तत्परतेने पडू द्या.