शिवण, कप्पी आणि राख

खापरखेड्यात राहून शिडाच्या होड्यांचं सामान दुरुस्त करतो म्हटलं की लोक हमखास विचारतात: तलावाचं गोडं पाणी, मिठाचा अंश नाही, मग बिघडणार काय? समुद्रावरच्या मानाने इथं पोलाद जास्त टिकतं, हे खरं. पण नागपूरकडचा मे महिना 45 अंशांवर जातो आणि आमचं गाव कोळशाचं. ऊन आणि बारीक राख हे आमचे वैरी.

उन्हाने आधी मरते ती शिवण. शिडाचं पॉलिएस्टर कापड घट्ट विणलेलं असतं. शिवणीचा दोरा मात्र कापडावर उघडा पडलेला. शीड सतरंजीवर पसरावं आणि शिवणीवरून अंगठ्याचं नख जरा दाबून ओढावं. चांगला दोरा दाद देत नाही. उन्हाने खाल्लेला दोरा तटातट तुटतो. मग दोन-चार टाके घालून भागवू नये, सबंध शिवण नव्याने मारावी. फाटायची वाट पाहिली तर शिवणीबरोबर कापडही जातं.

कप्पीचं दुखणं वेगळं. आत प्लास्टिकचे छर्रे असलेल्या कप्पीत तेल अजिबात घालू नये. तेलाला राख चिकटते आणि तो लगदा छर्ऱ्यांवर कानशीसारखा चालतो. वाहत्या पाण्याखाली चाक फिरवत राहावं, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. त्यानंतरही चाक अडखळलं किंवा डुललं, तर कप्पी बदलावी. नवी घेताना दोराचा तुकडा सोबत न्यावा, कारण जाड दोर अरुंद खाचेत घासून दोन्हींचा नाश करतो.

डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिच्यावरचे बोल्ट स्टेनलेसचे. ओलाव्यात हे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. गोड्या पाण्यात सावकाश, पण झिजतंच. छिद्राभोवती पांढरी बुकणी दिसली की बोल्ट काढून जागा साफ करावी आणि मध्ये नायलॉनचा वायसर घालावा.

मला सर्वांत जास्त काळजी तारांची वाटते. डोलकाठीला बाजूंनी धरणारी तार बहुधा 19 पदरांची असते आणि तुटते ती टोकाशी, जिथं ती दाबलेल्या नळीत शिरते. तिथं कापूस फिरवावा. तंतू अडकला म्हणजे पदर तुटलेला. एक पदर तुटला तरी सगळी तार बदलायची; बाकीच्यांनीही तेवढेच हेलकावे सोसलेले असतात.

कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. दोन बंदरांच्या मधे त्यांना दुरुस्तीला दुसरं कुणी नव्हतं. तलावात काठ जवळ असतो, म्हणून आपण तपासणी पुढे ढकलतो. पण डोलकाठी कोसळली तर ती खाली बसलेल्या पोराच्या डोक्यावर येते, काठ कितीही जवळ असला तरी. म्हणून होडी पाण्यात लोटण्याआधी मी तारा अडकवणाऱ्या प्रत्येक पिनेची कडी बोटाने चाचपतो आणि तिच्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे देतो. ताणलेला दोर त्या कडीत अडकला तर ती उघडते आणि पिन निसटते.